सुमना अम्मांची उजवी बाजू

तीन तुकडे रुमालात होते आणि चौथा मिळत नव्हता. वरच्या जबड्याची पूर्ण कवळी होती. साताऱ्याच्या लॉजवर बेसिनमध्ये धुताना हातातून निसटली. पुढच्या दातांतला उजवीकडचा एक दात पाण्याबरोबर वाहून गेला.

"आवं अण्णा, चिकटवून द्या की," माने म्हणाला.

माने कवठे महांकाळचा. फौजेतून रिटायर झाला आणि आता शूटिंगवाल्यांना गाड्या पुरवतो. तीन वर्षांपूर्वी त्याची कवळी मीच केली होती. त्या ओळखीवर तो सकाळी सकाळी साताऱ्याहून गाडी घेऊन सांगलीत विश्रामबागला आला होता. मागच्या सीटवरून उतरल्या त्या सुमना अम्मा आणि त्यांची भाची निलू. अम्मा लंकेच्या. सिंहली सिनेमात पन्नास वर्षं काम केलेल्या. पदराने तोंड झाकून त्या खुर्चीत बसल्या, आणि नमस्कार मात्र ऐटीत केला.

मी डेंटल टेक्निशियन. म्हणजे दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडात काम करतात, आम्ही तोंडाबाहेर. डॉक्टर माप पाठवतात, त्यावरून आम्ही कवळी बनवतो. माझी सून स्नेहल डॉक्टर आहे. तिचं क्लिनिक पुढे, माझी लॅब मागे. मी रिटायर झालोय असं घरात सगळे मानतात, आणि दहा वाजता मी लॅबमध्ये असतो.

"चिकटवून चालणार नाही," मी म्हणालो. "दातच नाही एक. नवी करावी लागेल. आठवडा लागतो."

निलूने इंग्रजीत अडचण सांगितली. परवा सकाळी सात वाजता शेवटचा सीन. लंकेतली एक आजी साताऱ्यात एका माजी सैनिकाला शोधत येते, त्याने कधीकाळी तिच्या मुलाला वाचवलेलं असतं. तो सापडतो, ती त्याच्याशी तिच्या भाषेत बोलते आणि त्याला एक अक्षर कळत नाही. डायरेक्टर फोनवर म्हणाला होता, "काळजी करू नका, पाठमोरं शूट करू. आवाज नंतर दुसऱ्या कुणाचा घालू."

हे सांगताना निलू थांबली. अम्मांनी पदर खाली घेतला आणि बिनदातांच्या तोंडाने स्वतःच त्यांच्या भाषेत बोलल्या, निलू आम्हाला इंग्रजीत सांगत गेली. पहिल्या सिनेमात त्यांचा आवाज गावंढळ वाटतो म्हणून दुसऱ्या बाईचा वापरला होता. थिएटरात आईने विचारलं, ही कोण बोलतेय? त्यानंतर त्यांनी अट घातली, बोलेन तर मीच. ती अट पन्नास वर्षं कुणी मोडली नव्हती.

मी स्नेहलकडे पाहिलं. ती म्हणाली, "अण्णा, उद्या संध्याकाळपर्यंत होईल?"

"तू माप लगेच दिलंस तर होईल."

पुढचे दात बसवायला आम्ही पेशंटचे जुने फोटो मागतो. एरवी लोक लग्नातला एखादा फिका फोटो आणतात, त्यात नवरा हसत असतो आणि बायको खाली बघत असते. इथे निलूच्या मोबाइलमध्ये शंभरेक फोटो होते. मी चष्मा बदलला आणि बघत बसलो. दोन वेण्या घातलेली मुलगी, चहाच्या मळ्यातली मजूर, राजवाड्यातली राणी, वकिलीण, सासू, आजी. प्रत्येक फोटोत मी काय बघितलं असेल तर दात. दुसरं काही बघायची आम्हाला सवयच नसते. डावीकडचे दात झकास होते, एका ओळीत. उजवीकडचे सावलीत. हरवलेला दात उजवीकडचा. मी विचार केला, डावीकडे आहे तसाच उजवीकडे बसवू. निसर्ग साधारण तसंच करतो.

"आमच्याकडे दाताला दत म्हणतात," अम्मा निलूमार्फत म्हणाल्या. "आणि भगवंताच्या एका दातासाठी आम्ही अख्खं मंदिर बांधलंय. तेव्हा नीट करा."

दुपारी मेणात दात रचले. कवळी पक्की करण्याआधी ती मेणाची असतानाच तोंडात घालून बघतात, त्याला ट्रायल म्हणतात. दिसायला कशी आहे हे पेशंट आरशात बघतो. बोलायला कशी आहे हे आम्ही ऐकतो. 'स' नीट आला की समजायचं दात जागेवर आहेत. त्यासाठी माझी चाळीस वर्षांची परीक्षा ठरलेली: "म्हणा, सातारा, सांगली, सोलापूर."

अम्मांनी एकदा माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. "सातारा. सांगली. सोलापूर." इतकं स्वच्छ, की स्नेहल हसली. विश्रामबागेतच जन्मल्यासारखं. मी खूश होऊन मेणाची कवळी काढून घ्यायला पुढे झालो.

"थांबा," अम्मा म्हणाल्या. "ही तुमची वाक्यं मी तुमच्यासारखी म्हटली. आता माझं म्हणते."

त्या उठल्या. मानेला समोर उभं केलं आणि सीनमधलं बोलू लागल्या. पहिली दोन वाक्यं हळू. मग आवाज चढला, श्वास भरला, रडू आलं. आम्हाला एकाही शब्दाचा अर्थ कळला नाही. मानेने फौजेत असताना शांतिसेनेबरोबर लंकेत दीड वर्ष ड्युटी केलेली. तो ताठ उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. आणि ऐन त्या क्षणी अम्मांच्या तोंडातून शिट्टी वाजली. मग प्रत्येक 'स'ला वाजू लागली.

माझी चूक तेव्हा लक्षात आली. मी परीक्षा घेतली ती एका नटीची. सावकाश, सुटा शब्द दिला तर ती जीभ सांभाळून कुणासारखंही बोलून दाखवणार. रडताना जीभ सांभाळता येत नाही, ती जुन्या सवयीने फिरते. आणि जिथे तिला अडायची सवय होती तिथे आता दात नव्हता.

"मला उजव्या बाजूचा एक तरी फोटो द्या," मी म्हणालो.

निलू शोधत राहिली. दहा मिनिटं गेली. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. पन्नास वर्षांत उजवीकडून एकही फोटो नव्हता. राणी डावीकडून, मजूर डावीकडून, आजीसुद्धा डावीकडून. हे मला आधी का दिसलं नाही याची मला खरंच लाज वाटली.

अम्मांनी मेणाची कवळी काढून माझ्या हातात ठेवली. "पहिल्या दिवशी कॅमेरामन म्हणाला, या पोरीचा उजवीकडचा दात वाकडा आहे, तो काढून टाका. मी म्हटलं, दात नाही काढणार, तोंड वळवीन. मग वळवतच राहिले. दात पडले तेव्हा कोलंबोच्या डॉक्टरला सांगून कवळीतही तसाच वाकडा बसवून घेतला. तुम्ही सरळ केलात. मला वाटलं तुम्हाला जास्त कळतं."

शेवटी घरच्या एका लग्नातला फोटो सापडला. त्यात त्या समोर बघून खदखदून हसत होत्या. उजवीकडचा दात आत वळून शेजारच्या दाताखाली शिरलेला. मी चाळीस वर्षं लोकांचे वाकडे दात सरळ केले. सरळ दात हाताने वाकडा करायची ती पहिलीच वेळ. हात चालेना. थोडा फिरवला, अम्मा बोलल्या, शिट्टी वाजली. अजून आत घेतला. त्या पुन्हा मानेसमोर उभ्या राहिल्या, पुन्हा रडल्या. चौथ्यांदा नुसता आवाज आला, स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी क्युअरिंग केलं, म्हणजे मेणाच्या जागी पक्कं प्लॅस्टिक घालून उकळत्या पाण्यात शिजवलं. घासून, पॉलिश करून संध्याकाळी पाचला कवळी तोंडात बसवून दिली. अम्मांनी आरशात फक्त उजवी बाजू बघितली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मानेचा फोन आला. "एका टेकात झालं, अण्णा. आवाज त्येंचाच. साउंडवालं पोरगं हेडफोन काढून बसलं व्हतं."

"बरं झालं."

"आनी एक सांगायचं व्हतं." तो घुटमळला. "आमच्या पुढच्या दोन दातांत फट व्हती. तुमी नवी कवळी केली तवा बुजवली. दिसाय लय झ्याक केलीया. पर कारभारीण म्हणती, तीन वर्स झाली, हसलासा की दुसराच कोन तरी बसल्यावानी वाटतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमाला जास्त कळतं म्हनलं."

मी त्याला सोमवारी बोलावलं आहे. येताना जुना फोटो आण म्हणालो. फौजेच्या ओळखपत्रावरचा नको, त्यात कुणी हसत नाही.