बाईंनी काकांना जे सांगितलं

आमच्या झूलॉजीच्या बाई भर वर्गात "मला माहीत नाही" म्हणत. संकोच नाही, सारवासारव नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर शोधून आणत, आणि नाहीच सापडलं तर तसंही सांगत. "अंदाजाला उत्तर म्हणू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शिकवायच्या हिंदीत, रागवायची वेळ आली की मला, वर्गातल्या एकट्या मराठी मुलीला, मराठीत.

पुढे मी पॅथॉलॉजिस्ट झाले, इथेच जबलपूरला. दोन वर्षांपूर्वी बाई माझ्या लॅबमध्ये आल्या, तेव्हा दंडांवर निळे डाग होते, हिरड्यांतून रक्त येत होतं. त्यांच्या रक्ताची स्लाइड मी दोनदा तपासली.

"काहून गप्प झालीस? चलो, सरक. पाहू दे."

मायक्रोस्कोपला डोळा लावून त्यांनी स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग म्हणाल्या, "मोठ्याच होऊन नाही राहिल्या गं या पेशी."

अक्यूट ल्युकेमिया होता. नागपूरच्या तपासणीत पुढचं कळलं. काही प्रथिनं डीएनएवर बसून कोणतं जनुक चालू, कोणतं बंद, हे ठरवतात. त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. त्यातल्याच एकाच्या जनुकात बिघाड झाला होता. रक्तपेशींना परिपक्व व्हायचा हुकूम मिळत नव्हता. कच्च्याच राहून त्या वाढत होत्या.

बाईंचे यजमान, काका, कारखान्याच्या पेंट शॉपमधून निवृत्त झालेले. रंगातल्या रसायनांनी हा आजार होतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. "तीस वर्षं माझे कपडे हिनेच धुतले," खाटेशी बसून ते म्हणाले. "मीच आणलं हे घरात."

बाईंनी त्यांचा हात धरला. "अहो, पेशीची नक्कल होताना चूक आपोआप होते. तशीच ही झाली. तुमच्या कपड्यांचा काही संबंध नाही. अगदी नक्की सांगते."

काका ओक्साबोक्शी रडले. दोन दिवसांनी पहिल्यांदा जेवायला उठले.

ते खोलीबाहेर गेल्यावर मी बाईंकडे पाहिलं.

"कळतं मला," त्या म्हणाल्या. "आपोआप झाली असेल, नसेलही. पण त्यांना माझ्यामागे जगायचं आहे. तू बोलायचं नाही."

दुसऱ्या किमोनंतर जंतुसंसर्ग झाला आणि चार दिवसांत बाई गेल्या.

ग्वारीघाटावर नर्मदेत अस्थी सोडल्यावर काका माझ्याशेजारी पायरीवर बसले. "बेटा, तू डॉक्टर आहेस. ती खरं बोलली होती ना?"

"हो, काका."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जड वाटतो.