ब्रेकचाचा आणि कुंडलचा धोंडीराम

एसटी घाट उतरायला लागली की ब्रेकचाचांचे हात पुढच्या सीटच्या दांडीवर जायचे आणि मुठी आपोआप उजवीकडे वळायला लागायच्या. शेजारचा माणूस बघत राहायचा. चाचांना त्याचं काही वाटायचं नाही. “डायवर एकटा किती आवळणार?” म्हणायचे. डोंगरावर चढणाऱ्या एका छोट्या रेल्वेगाडीचे ब्रेक आवळण्यात त्यांची जवळजवळ सगळी नोकरी गेली होती. निवृत्त होऊन ते रहिमतपूरला आमच्या शेजारी राहायला आले. त्यांचं नाव इनायत आहे हे आळीत फार थोड्यांना ठाऊक होतं.

त्यांच्या तोंडून ऐकून ती गाडी मला पाठ झाली होती. दोन रुळांमधलं अंतर इतकं कमी, की दोन्हींवर एकेक पाय ठेवून माणूस आरामात उभा राहील. वळणं अशी, की शेवटच्या डब्यातल्या माणसाला खिडकीतून इंजिन दिसायचं. उतारावर नुसत्या इंजिनाच्या भरवशावर राहता येत नसे. म्हणून डब्यांच्या टोकाला, उघड्या फळीवर, एकेक ब्रेकवाला उभा असायचा. त्याच्यासमोर लोखंडी चाक. इंजिनाची शिटी आली की ते आवळायचं, पुन्हा शिटी आली की सैल सोडायचं. पावसात, धुक्यात, तिथंच उभं राहून.

त्याआधी चाचा ट्रॉलीवर होते. साहेब लाइन तपासायला निघाले, की चार चाकांची एक फळी रुळांवर ठेवायची. तिच्यावर बाकडं आणि वर छत्री. मागून दोन माणसं ती ढकलत अनवाणी पळायची, तीही खडीवरून नव्हे, थेट रुळांवरून. उतार लागला की दोघांनी एकदम उडी मारून मागं बसायचं. चाचांचा जोडीदार होता कुंडलचा धोंडीराम. “उजवा रूळ माजा, डावा त्याचा,” चाचा सांगायचे, “पाऊल बी बरोबर पडायचं. एकाचा पाय घसरला की दोघंबी खाली.” पुढे दोघं बरोबरच ब्रेकवाले झाले. डबेही शेजारशेजारचे मिळाले.

मग तो अपघात झाला. तो चाचांनी मला एकदाच सांगितला. पावसाची रिपरिप होती, रुळांवर ओला पाला पडलेला. उतरताना चाकं घसरायला लागली आणि गाडी आवरेना. इंजिनाची शिटी थांबतच नव्हती. एका वळणावर जोराचा हिसका बसला आणि धोंडीराम फळीवरून बाहेर फेकला गेला. चाचांनी आपलं चाक होईल तेवढं आवळलं, मग कडीला धरून पलीकडच्या फळीवर पाय टाकला आणि धोंडीरामचंही चाक आवळलं. सपाटी लागल्यावर गाडी थांबली. आतली माणसं घाबरली होती, पण कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. धोंडीराम मागे झुडपांत सापडला. पाय मोडला होता. तो पुढे वाकडाच राहिला.

“तुम्हाला भीती नाही वाटली?” मी विचारलं.

“वाटली की. लय वाटली. पन हात चाकावर हुतं. हातास्नी काम आसलं की बरं आसतं.”

दर वर्षी द्राक्षांच्या हंगामात चाचा कुंडलला जायचे. गुडघे बोलायला लागल्यावर मी त्यांना माझ्या गाडीतून नेऊ लागलो. धोंडीराम बागेच्या कडेला खाटेवर बसलेला असायचा. तो फार बोलत नसे. चाचाच बोलायचे, पोराबाळांचं, पावसापाण्याचं. एकदा मी आपला सहज म्हणालो, “मामा, त्या दिवशी चाचांनी तुमचंही चाक आवळलं म्हणे.” धोंडीराम उठला आणि लंगडत बागेत गेला. तो आम्ही निघेपर्यंत परत आलाच नाही.

परतीच्या वाटेवर चाचा माझ्यावर ओरडले. तसं ते पहिल्यांदाच. “त्याच्या म्होरं तो इशय काडायचा न्हाई. कवाच न्हाई. कळलं?” मला वाटलं, मोडलेल्या पायाचं दुःख असेल.

मागच्या थंडीत चाचा गेले. चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी सकाळी उठलेच नाहीत. निरोप मिळताच धोंडीराम एसटीनं आला. वाकड्या पायानं त्यानं खांदा दिला. बदलायला पुढे आलेल्या पोरांना तो मान हलवून नको म्हणत होता.

कब्रस्तानातून परतल्यावर माणसं अंगणात बसली. चाची आतल्या दाराच्या पडद्याआड होत्या. आमच्या घरून चहा आला होता. कुणीतरी अपघाताची गोष्ट काढली. धोंडीराम कसा फेकला गेला आणि चाचांनी दोन माणसांचं काम कसं केलं, ते तो माणूस सांगायला लागला. धोंडीराम भिंतीला धरून उभा राहिला.

“मला कुनी फेकलं न्हाई,” तो म्हणाला. “मी उडी मारली. डबा मानसांनी भरलेला हुता आनि मी उडी मारली. इनायतनं डोळ्यानं बगितलं. साहेबानं इचारलं तवा त्यानंच हिसका बसला म्हनून सांगितलं. माजी नोकरी ऱ्हायली, गावात त्वांड ऱ्हायलं. मी त्याला एकदाबी काय बोललो न्हाई.”

सांगणाऱ्यानं कप खाली ठेवला. धोंडीराम उभाच होता, आता काय करायचं ते न कळल्यासारखा.

पडद्याआडून चाचींचा आवाज आला.

“ठावं हाय, भावजी. झालं त्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं. म्हनले, धोंडीची बायकू बाळंतीन हाय, त्याला लेकरू आटवलं आसंल. मला बी आटवलं आसतं तर मीबी मारली आसती. आमाला तवा मूल न्हवतं.” मग म्हणाल्या, “आता खाली बसा. तो पाय दुकत आसंल.”

धोंडीराम बसला. माझ्या बायकोनं त्याच्यापुढे चहा ठेवला. त्या दिवशी तो कुंडलला परत गेला नाही; चाचांच्या घरीच राहिला.