पेशीतलं पानी

"पाणी म्हणा, मॅडम. ण. टाळूला जीभ लावा."

विभागप्रमुख सर दारात उभे होते. मी फळ्यापाशी, हातात खडू. समोर बीएस्सी दुसऱ्या वर्षाची साठ पोरं. वनस्पतीची पेशी शिकवत होते. मधी रिक्तिका असती, तिच्यात पानी असतं, एवढंच बोलले होते.

"म्हणा. मुलं थांबलीत."

मी म्हनलं. पाणी. अजून दोनदा म्हनायला लावलं. पोरं खिदळली. सर हसतच बोलले, "कोपीतली भाषा कोपीत ठेवून यायची."

कोपी म्हंजे ऊसतोड्यांची पाचटाची झोपडी. माझा जन्म तिथला. सरांना ते ठाऊक हाय. सर बागायतदाराच्या घरचे. मी तासिकेवरची, दर साली नवी ऑर्डर, ती बी सरांच्या शिफारशीवर. म्हनून म्हनलं.

घरी जेवन गेलं न्हाई. आई डोळ्यापुढून हालंना. कोयता हातात घ्यायच्या आधी मला उठवायची, "पानी पी अन् शाळंत जा, माझ्यामागं फडात येऊ नको." तिच्या तोंडचा शब्द मी साठ पोरांसमोर पुसला. सरांचा राग नंतर आला. आधी माझीच लाज वाटली. आई आता न्हाई. असती तरी तिला सांगायची छाती झाली नसती.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत चकलांबा गावची एक पोरगी मागं थांबली. लई हुशार. तिचे आईबाप ऊस तोडायला कारखान्यावर गेलते. खाली मान घालून म्हनली, "मॅडम, मी तोंडी परीक्षेला बोलनार न्हाई."

"कावून? मार्क जातील की."

"जाऊ द्या. तुमालाच असं केलं, मंग माझं काय?"

मी वाकले अन् हिचं तोंड बंद झालं.

पुढच्या तासाला उसाचं कांडं नेलं. पोरांसमोर कापलं. म्हनलं, "रिक्तिका म्हंजे रिकामी. नाव ठेवनाराला ती रिकामी दिसली. पन उसातली साखर हिच्यातच साठती. साखर अन् पानी."

सर दारात आलेच. "मॅडम, ण."

"पानी, सर. तास संपल्यावर बोलू."

कोनी हसलं न्हाई. सर एवढंच म्हनले, "पुढच्या वर्षीचं बघू," अन् गेले. मी कांड्याचा दुसरा काप केला अन् पुढं शिकवत राहिले.

पुढची ऑर्डर यायची न्हाई. लई वर्सं शिकले त्यासाठी, वाईट वाटतंच. पन तोंडी परीक्षा त्याच्या आधी हाय. त्या पोरीला सांगितलंय, बोलायचं, अन् पानीच म्हनायचं. सरांनी तिला त्या शब्दावर अडवलं, तर बाहेरच्या परीक्षकांदेखत मी उठनार. आईचा शब्द तीनदा पुसला मी. चौथ्यांदा कोनाच्या बापाला पुसू देनार न्हाई.