दवाखान्यातली चौकट

ताईला पन्नाशीतही कॉमिक्सचं वेड आहे. भाजी निवडतानाही मांडीवर एखादं उघडं असतं. म्हणून आईच्या शेवटच्या आजारपणावर मी काढलेलं कॉमिक छापायला देण्याआधी तिच्या हातात ठेवलं. ती ओठ हलवत वाचत होती. एका चौकटीवर तिचं बोट थांबलं. त्यात बाबा खाटेजवळ बसून आईचा हात धरतात.

मान वर न करता तिने विचारलं,

"बाबा दवाखान्यात कधी बसले होते गं?"

"नाही बसले. पण वाचणाऱ्याला बरं वाटेल म्हणून..."

"वाचणाऱ्याला, की तुला?"

खोटं बोलताना माझी जीभ अडखळते. पेन्सिल मात्र किती सहज फिरली होती!

ताई खाली बघतच म्हणाली, "एकदा आले होते ते. दारातूनच आईकडे बघितलं आणि परत फिरले. मी कुणाला सांगितलं नाही."

मी ती चौकट खोडली आणि दारातून परत फिरणारे बाबा काढले. अख्ख्या पुस्तकात पहिल्यांदाच ते बाबांसारखे दिसले, तेही पाठमोरे.