वाळूतला असेंब्ली पॉइंट

समुद्रावरून घरी आलं की वाळू कशी आठवडाभर निघत राहते, पर्समधून, कानातून, कधी कधी तर पोळीतूनसुद्धा! किस्स्यांचं अगदी तसंच आहे. आपल्याला वाटतं संपले एकदाचे, आणि कोणीतरी चहा पिता पिता विचारतं, "वैशाली, त्या घोड्याचं काय झालं होतं गं?" की निघाली वाळू.

लोकं ऐकून हसतात, मीही हसते. पण खरं सांगू? घडत होतं तेव्हा मी एकदाही हसले नव्हते. मी मुळातच भित्री. झुरळाला घाबरते, लिफ्टला घाबरते, उकळत्या तेलाला घाबरते. आणि अशा बाईच्या नवऱ्याने धंदा काय काढावा? तर बडोद्याच्या माणसांना समुद्रावर न्यायचं, अर्ध्यांना एटीव्हीवर, म्हणजे त्या जाड टायरच्या चार चाकी बाईकवर बसवायचं, अर्ध्यांना घोड्यावर, आणि मध्यावर अदलाबदल करायची!

मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एका बंद पडलेल्या रिसॉर्टकडून त्या बाईक उचलल्या. घोडे जीलुभांचे. ते तिकडचेच, भरघोस मिशांचे, सगळे त्यांना 'बापू' म्हणतात. मी दांडिया बाजारातल्या आमच्या एका खोलीच्या ऑफिसात बसून फोनवर लोकांना सांगते, "काही घाबरण्यासारखं नाही हं!" हे मी नक्की कोणाला सांगते, देव जाणे.

राहिले मिलिंदचे काका आणि काकू. मालतीकाकूंकडे नाश्ता. काकांकडे सेफ्टी. काका जन्मभर एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर होते. तिथे एकदा आग लागली. सगळे बाहेर आले, माणसं मोजली, तर एक कमी. तो सापडला दुसऱ्या दिवशी. कसा सापडला ते काका सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "जेवढी माणसं वाळूवर उतरतील, तेवढी परत मोजून घेईन. एक जरी कमी असला तर मी हलणार नाही."

त्या अटीचं आम्हाला कौतुक वाटलं होतं.

*

काकांचं भाषण बसमध्येच सुरू होतं. बडोद्यातल्या हरणीची माणसं चढली, मांजलपूरची चढली, गणपतीबाप्पा मोरया झालं, की काका माइक घेतात. "घोड्यावरून पडल्यास मणका जाऊ शकतो. एटीव्ही उलटल्यास खालचा माणूस दबतो. समुद्राबद्दल नंतर बोलू."

बसमध्ये चिडीचूप! खाकऱ्याचं पाकीट उघडलेली बाई ते तसंच मांडीवर धरून बसते.

एकदा एक कुटुंब नाश्त्याला उतरलं ते परत चढलंच नाही. मी धावत गेले तर त्या घरातले आजोबा रिक्षा ठरवत होते. म्हणाले, "बेटा, आम्ही फरवा निघालोय, मरवा नाही!" फिरायला, मरायला नव्हे.

आणि एका कॉलेजच्या मुलीने हात वर करून विचारलं, "अंकल, घोड्याला एअरबॅग असते का?" काकांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "चांगला पॉइंट आहे." डायरीत लिहूनही घेतला! मग मलाच घाम फुटला.

*

जीलुभा बापू कशालाच घाबरत नाहीत असं मला वाटायचं. पिसाळलेल्या घोड्यासमोर हा माणूस विडी ओढत उभा राहतो. पण मिलिंद एकदा म्हणाला, "बापू, बसा मागे, एक चक्कर मारून आणतो," तर बापू चार पावलं मागे सरकले. चेहरा पांढराफटक!

मिलिंदने लाख समजावलं. बापू ढिम्म. शेवटी म्हणाले, "घोडो पडे तो एनेय वागे, एटले संभाळीने हाले. आने क्यां वागवानुं छे?"

म्हणजे घोडा पडला तर त्यालाही लागतं, म्हणून तो जपून चालतो. ह्या यंत्राला कुठे काय लागणार आहे?

त्या दिवसापासून मी एटीव्हीवर बसले की मला हेच ऐकू येतं. मिलिंद म्हणतो, हे गिऱ्हाइकांपुढे बोलून बापूंनी आपलं निम्मं मार्केट खाल्लं.

*

एटीव्हीचा ॲक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा असतो. ह्यात एक घोळ आहे. माणूस घाबरला की मूठ आवळतो, मूठ आवळली की अंगठा दबतो, अंगठा दबला की गाडी पळते, आणि गाडी पळाली की माणूस आणखी घाबरतो!

मांजलपूरच्या एक मॅडम, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. बसल्या, आणि सुटल्या ते थेट समुद्राकडे. मिलिंद मागे धावतोय, "अंगठा सोडा! मॅडम, अंगठा!" मी किनाऱ्यावर सगळे देव आठवतेय. मॅडम किंचाळत, वळणं घेत, भेळवाल्याची छत्री आडवी करून पाण्यात घुसल्या, तेव्हा कुठे इंजिन बंद पडलं.

गाडी थांबली, पण मॅडमची मूठ सुटेना. मी आणि मिलिंदने एकेक बोट सोडवलं. तेवढ्यात त्यांचे मिस्टर डुलत डुलत आले, सगळं मोबाइलवर शूट करून. म्हणाले, "आता कळलं? स्कूटरवर मागे बसून माझा खांदा असाच धरतेस!"

मॅडमनी फक्त बघितलं. परतीच्या बसमध्ये मिस्टर ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसले होते.

*

मालतीकाकूंना मात्र घोड्याची भीती. साधीसुधी नाही, घोडा खिंकाळला की ह्यांच्या हातातला डबा पडतो. बापूंकडे केसर नावाची एक घोडी आहे, गाईसारखी गरीब. बापू म्हणाले, "काकी, गूळ खवडावो, दोस्ती थई जशे."

काकूंनी भरवायला गुळाचा खडा घेतला. आणि तो धरला कशात? तर चहाचं पातेलं उतरवायच्या सांडशीत! हात लांब, मान मागे, डोळे घट्ट मिटलेले. केसरने गूळ घेतला, सांडशीही घेतली, आणि तोंडात सांडशी घेऊन निघाली फिरायला. मागे बापू, त्यांच्या मागे काका ओरडतायत, "धारदार वस्तू आहे, धारदार वस्तू!"

काकू म्हणाल्या, "तिचा श्वास माझ्या मनगटाला लागला. ह्या जन्मासाठी एवढं घोडं पुरे."

त्या दिवशी आम्ही चहाचं पातेलं पदराने उतरवलं.

*

काकांचा खरा जीव मॉक ड्रिलमध्ये. प्लांटमध्ये असतो तसा 'असेंब्ली पॉइंट'चा हिरवा बोर्ड त्यांनी बनवून घेतलाय, लोखंडी दांड्यावर. तो वाळूत रोवायचा. तीन शिट्ट्या झाल्या की असाल तिथून, असाल तसे, बोर्डापाशी जमा व्हायचं. मग मोजणी. एकदा नाही, प्रत्येक टूरला दोनदा!

एकदा ड्रिलला माणूस एक जास्त भरला. कमी भरला असता तर काका घाबरले असते, पण जास्त म्हटल्यावर ते पार हादरले. पुन्हा मोजलं. पुन्हा एक जास्त. शेवटी रांगेतला एक जण स्वतःच पुढे आला. शहाळीवाला होता तो! म्हणाला, "साहेब, सगळे धावले म्हणून मीपण धावलो. मला वाटलं काहीतरी वाटतायत."

पण लोकं तयार झाली होती, हे मान्य करायला हवं. शिट्टी वाजली की पाय आपोआप बोर्डाकडे वळायचे. माझेसुद्धा.

*

आता हा शेवटचा. हा मी पाहुण्यांना सांगत नाही.

आम्ही जातो तो किनारा खंभातच्या आखाताच्या बाजूचा. ओहोटीला तिथे समुद्र इतका आत जातो की नवीन माणूस विचारतो, "पाणी कुठाय?" नुसती ओली, टणक वाळू. त्या दिवशी संध्याकाळची अदलाबदल मिलिंदने तिथे आत ठेवली. भरती यायला अवकाश होता, तोवर आम्ही परत फिरणार होतो. काका बोर्ड घेऊन आले आणि जागा शोधायला लागले. असेंब्ली पॉइंट कसा हवा? मोकळ्यावर, झाडांपासून लांब, टपऱ्यांपासून लांब, पेट्रोलच्या कॅनपासून तर फारच लांब. त्यांनी सगळ्यात आतली, सगळ्यात मोकळी जागा निवडली. आगीच्या हिशोबाने जागा एक नंबर होती. जन्मभर आगीला भ्यालेला माणूस. पाण्याला भ्यायला त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

काकू मिलिंदच्या मागे बसून चहाचा थर्मास घेऊन आल्या होत्या. चहा झाला. घोडेवाले एटीव्हीवर बसले, एटीव्हीवाले घोड्यावर. आणि एक गाडी वाळूत रुतली. ती काढण्यात मिलिंद गुंतला तो गुंतला. मी बाकीच्यांना घेऊन किनाऱ्याकडे निघाले होते.

तिथली भरती समोरून येत नाही हो. बाजूच्या खोलगट घळीतून येते, आणि आधी तुमच्या पाठीमागे, तुमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये भरते. काकांना ती पाण्याची चमक दिसली. त्यांनी शिट्टी मारली. तीन वेळा.

आणि आम्ही वळलो. किनाऱ्याकडे निघालेली माणसं, सगळीच्या सगळी, उलटी समुद्राकडे पळाली! मीसुद्धा. कोणाच्या डोक्यात आलं नाही की आपण कुठे चाललोय.

बोर्डापाशी पोचलो तेव्हा पाणी घोट्याला लागत होतं. काकांनी मोजलं. पुन्हा मोजलं. मग म्हणाले, "मालती कुठाय?"

काकू नव्हत्या.

मिलिंद ओरडला, "काका, आधी ह्यांना काढू!" रुतलेली गाडी तिथेच टाकली. लहान मुलं, बायका घोड्यांवर, बाकीचे एटीव्हीला तिघं तिघं लटकलेले. घळीतलं पाणी निम्म्या चाकांपर्यंत आलं होतं. फोन कोणाकडेच नव्हते, काकांच्या नव्या नियमाने सगळे किनाऱ्यावर आमच्या जीपमध्ये जमा. मी काकांचा हात धरून ओढला. ते बोर्डाच्या दांड्याला धरून उभे. "एक कमी आहे, वैशाली. मालतीला मी इथेच यायला सांगितलंय. ती आली आणि इथे कोणी नसलं तर?"

"काका, मी पाया पडते तुमच्या!"

"तू जा. ती येईल."

मिलिंदने मला उचलून गाडीवर टाकलं. मी मागे बघत रडत होते.

किनाऱ्यावर पोचलो, आणि जीपपाशी कोण उभं? मालतीकाकू! त्यांना ना घोड्यावर बसायचं होतं, ना येतानासारखं पुन्हा गाडीवर, म्हणून चहा देऊन त्या केव्हाच चालत निघाल्या होत्या. शिट्टी ऐकली होती. वळून बघितलं, मागे पाणी दिसलं, आणि त्या आपल्या सरळ किनाऱ्याला आल्या. आमच्यात एकट्या त्यांनीच डोकं वापरलं!

"हे कुठायत?" त्यांनी विचारलं.

मी हात केला. लांब, पाण्याच्या मधोमध, हिरवा ठिपका आणि त्याच्याजवळ एक माणूस. दुपट्टे हलवले, हाका मारल्या, जीपचा हॉर्न वाजवला. वारा उलटा होता आणि एवढ्या लांबून काकांना कोण आहे ते ओळखू येणं शक्य नव्हतं.

एटीव्ही आता पाण्यात जाणं शक्य नव्हतं. बापूंनी आपला घोडा वळवला. "हुं लई आवुं छुं साहेबने." मी आणतो साहेबांना.

काकू म्हणाल्या, "तुम्ही सांगून यायचे नाहीत ते. मी दिसल्याशिवाय हलणार नाहीत. मला केसरवर बसवा."

काकू लटलट कापत होत्या, दात वाजत होते. दोघांनी धरून चढवलं. त्या केसरच्या मानेवर पालथ्याच पडल्या, आयाळीत दोन्ही मुठी, डोळे मिटलेले. बापूंनी केसरचा लगाम हातात घेतला आणि दोन्ही घोडे पाण्यात उतरले. मी बघत होते आणि बघवत नव्हतं. पाणी घोड्यांच्या पोटाला लागलं. काका छातीपर्यंत पाण्यात होते.

पुढचं बापूंनी सांगितलं. काकूंना बघून काका ओरडले, "मालती! कुठे होतीस तू? शिट्टी ऐकू आली नाही तुला?"

काकूंनी डोळे न उघडताच सांगितलं, "आधी वर चढा. मग भांडू."

परतीच्या बसमध्ये दोघं एका चादरीत गुंडाळून पुढच्या सीटवर बसले होते. माइक जागेवर लटकत होता. सगळी बस त्या भांडणाची वाट बघत होती. नाश्त्याचं हॉटेल गेलं, कोणी थांबायला सांगितलं नाही. नर्मदेचा पूल आला तेव्हा काकू पहिल्यांदा बोलल्या.

"अहो, मी आलेच नसते तर? किती वेळ उभे राहणार होतात तिथे?"

काका चष्मा पुसत होते. म्हणाले, "तू येईपर्यंत."