देव्हाऱ्याखालचा पाइप

भिसेगावात सोनुबाईशी भांडून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाय. नवरा गेल्यावर दीर बुधाजी म्हणाला, आता घरात मोठा मी, देवांचे टाक माझ्याकडं येणार. तर ही बाई टाकांचं ताम्हण पोटाशी धरून दोन दिवस ओटीवर बसली. तिसऱ्या दिवशी त्यानं नाद सोडला. त्याला वीस वर्षं झाली, पण भिंतीपलीकडनं त्याचा कान अजून इकडंच असतो.

भातलावणीच्या चिखलात वाकून वाकून तिचे गुडघे गेले. संडास परसात, तीन पायऱ्यांवर. ती हातांवर रेटत चढायची, आणि कुणी हात द्यायला आलं तर शिव्या घालायची. साजगावच्या कारखान्यात जाणारा मुलगा हर्षद शेवटी म्हणाला, माजघराच्या कोपऱ्यातच छोटं संडास-बाथरूम काढू. पण घर बांधताना खाली सरसकट काँक्रीट ओतलेलं, पाइपाला जागा कुणी ठेवलीच नव्हती. म्हणून दशरथ प्लंबर आला.

दशरथ फाटक्या तोंडाचा. त्यानं पातळी बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी पसरली, एक टोक कोपऱ्यात, दुसरं परसातल्या संडासाच्या टाकीपाशी, आणि भिंतींवर पेन्सिलीनं खुणा केल्या. काँक्रीट फोडून सरळ नेला तर पाइप अकरा फूट. उतार मिळतो, बाथरूमची फरशी घराच्या फरशीला लागून येते. फक्त मधे देव्हारा.

"देवांच्या खालनं घाण नेतोस? तुज्या बापानं नेली व्हती का रं?"

"माज्या बापाकडं संडासच नव्हता, मावशे."

हर्षद म्हणाला, वळसा घालून न्या. दशरथ म्हणाला, वळशानं तीस फूट होतात, तेवढा उतार द्यायचा तर बाथरूमच वीतभर उचलायला लागेल. न उचलता टाकला तर सगळं पाइपात बसून राहील. "मंग रोज सकाळी हाका मारा त्याला, ये रं बाबा भायेर."

त्यानं परसातला सिमेंटचा ठोकळा आणून कोपऱ्यात ठेवला. एवढी पायरी होईल, चढून दाखव म्हणाला. सोनुबाईनं भिंत धरली. एक पाय वर गेला, दुसरा काही केल्या उचलेना. हर्षद पुढं झाला तर त्याच्या हातावर फटका बसला.

"देव हलव," दशरथ म्हणाला, "नायतर परसात जा."

ती त्याला भाड्या म्हणाली आणि आत जाऊन पडली. देव जागचे हलले की बुधाजी दारात उभा राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच टाक उतरवले, ताम्हणात घेतले आणि ओटीवर जाऊन बसली. आत फोडकाम सुरू झालं. तासाभरात बुधाजी आलाच.

"वयनी, देव उघड्यावर आलं. आमच्याकडं कोनाडा रिकामा हाय."

"त्यात तू बस. माजं देव काम व्हईस्तवर माज्या मांडीवर ऱ्हातील, मंग पूर्वेच्या भिंतीला."

देव कोपतील, घरात नरक आणलास, असं तो पुटपुटत राहिला. दशरथनं बाहेर टाकलेल्या काँक्रीटचा एक तुकडा तिनं उचलला. बुधाजी गेला.

सहाव्या दिवशी ती पाय न उचलता बाथरूममध्ये शिरली आणि आतनं कडी लावली. परसात टाकीचं झाकण काढून बसलेल्या दशरथनं हर्षदकडं निरोप दिला, बादलीभर पाणी ओतायला सांग, उतार बघायचाय.

"सांग त्याला," ती आतनं म्हणाली, "माजं व्हईल तवा वतीन."

बऱ्याच वेळानं पाणी टाकीत धडकलं.