दारातली खुर्ची

डेलमर गिलरीची गिटार लेक चार्ल्सपासून ह्यूस्टनपर्यंत गाजत होती, पण घरात तिचं कुणाला कौतुक नव्हतं. घरात म्हणजे पपांना. म्हातारे ऑगस्ट गिलरी जन्मभर लाकडाच्या गिरणीत राबले आणि शनिवारी लोकांच्या घरी नाचाला फिडल, म्हणजे गावाकडचं व्हायोलिन, वाजवत राहिले. नाच असला की पलंग अंगणात जायचे, दोन्ही खोल्या माणसांनी भरायच्या आणि फिडलवाला मधल्या दारात खुर्ची टाकून बसायचा. एका खोलीत म्हातारे संथ गिरक्या घेणार, दुसरीत पोरांचा धिंगाणा. सूर दोघांनाही पुरला पाहिजे.

मुलाची रेकॉर्ड ऐकली की पपा म्हणत, "बरी आहे. पण एकाच खोलीसाठी वाजवतोस." वर्षानुवर्षं हेच. जीव जळायचा हो डेलमरचा.

यंदा पपांनी अंथरूण धरलं. हात इतके थरथरत की फिडल खुंटीवरून खाली येईना. पोरपणी पपांनीच वाजवायला शिकवलेली ती फिडल डेलमरने काढली आणि ठरवलं, पपा आहेत तोवर त्यांची चाल रेकॉर्ड करायचीच.

रेकॉर्ड कंपनीचे हॅझलिटसाहेब वैतागले. "डेल, तू काळ्यांचे ब्लूज वाजवणारा. फिडल हे गोऱ्या गुराख्यांचं काम. दुकानदार ही रेकॉर्ड कुठल्या फळीवर ठेवणार?"

"जागा असेल तिथे."

"थट्टा पुरे. एक काय ते निवड."

स्टुडिओत सूर मिसळू नयेत म्हणून ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले एका खोलीत बसवले होते आणि स्टील गिटारवाला दुसरीत. डेलमर वाद घालत बसला नाही. त्याने मधलं जाड दार सताड उघडलं, खुर्ची ओढली आणि उंबरठ्यावर बसून गज फिरवला. दोन्हीकडचे वाजवायला लागले. साहेब काचेमागून हातवारे करत राहिले, सगळं एकमेकांत मिसळतंय म्हणून. मिसळू दे की, त्यासाठीच तर तो आला होता.

"रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकतो," साहेब शेवटी म्हणाले. "कोण उलटून ऐकतंय?"

डेलमरने घरी येऊन तीच बाजू लावली. पपा भिंतीकडे तोंड करून पडले होते. चाल संपली तरी हलले नाहीत. डेलमरचा धीर सुटत चालला.

"पुन्हा लाव," पपा म्हणाले.

त्याने लावली.

"दारात बसला होतास?"

"हो, पपा."

म्हाताऱ्याने कोपरावर जोर देऊन पाय खाली सोडले. "मग बघतोस काय? मला धर, आणि हा पलंग काढ अंगणात."